आत वळलेला दोरा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगतो. बसला तर पंचाईत. थापाड्या म्हणून इतक्या वर्षांत कमावलेली अब्रू जायची. शेजारचे टेलरमास्तर दुपारी हात रिकामा झाला की माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसतात. गळ्यात टेप, शर्टाला दोऱ्याचे तुकडे. त्या दिवशी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट करून म्हणाले, "ह्याची गवसणी मी शिवली, त्याला किती दिवस झाले! न्यायला कुणी येत कसं नाही?"

"सांगेन, पण तुम्हाला पटायचं नाही."

"सांग. झोप तरी लागेल."

डबा माझ्या थोरल्या भावाचा. निवृत्त झाल्यावर दादानं सुटे भाग जमवून तो कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडला, तो वहिनीसाठी. अंध मुलांना ऐकता यावीत म्हणून वहिनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तिच्या फुप्फुसांचं दुखणं विचित्र होतं. हवा आत जायची, पण बाहेर पडायची नाही. एक वाक्य झालं की ती थांबायची, ओढून श्वास घ्यायची, पुढचं वाक्य धरायची. शेवटी शेवटी पलंगावर बसून वाचायची आणि हा डबा उशाशी. शेवटचं प्रकरण वाचून झालं आणि ती गेली.

दादाला तेवढं प्रकरण पुरं ऐकायचं होतं. त्याला दुसरं काही नकोच होतं. पण शेवट जवळ आला की कॉम्प्युटर तापायचा आणि बंद पडायचा. दर वेळी त्याच वाक्याशी.

मी म्हटलं, डिस्क काढून माझ्या मशीनला लावू, त्यात काय एवढं! लावली. फाईल उघडली, पट्टी पुढे सरकत राहिली, पण आवाज नाही. नुसती शांतता, कुणीतरी ओठ घट्ट मिटून बसावं तशी. डिस्क परत दादाच्या डब्यात घातली. वहिनी वाचायला लागली.

म्हणजे डबाच थंड करायला हवा होता. ते तर माझ्या हातचा मळ. बाजूचा पत्रा काढला आणि मला हसू आलं.

"दादा, सगळेच पंखे आत तोंड करून बसवलेस की रे! पुढचे हवा आत घेणार, मागचा बाहेर टाकणार. कडेला बाण असतो, तो बघायचा."

"तूच फोनवर म्हणालास, डब्याला श्वास घेऊ दे," दादा म्हणाला. "सोडू दे म्हणाला होतास का?"

तो हसत नव्हता.

मी मागचा पंखा उलटा केला. वरच्या जाळीला आणखी एक लावला, तोही हवा बाहेर टाकणारा. वायरींचा गुंता बाजूला बांधला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. पत्रा बसवला, वहिनीचं वाचन सुरू केलं. मग पेन्सिलीला कच्चा दोरा बांधून मागच्या जाळीपाशी धरला. मास्तर, दोरा तुमच्याकडूनच नेला होता. तो बाहेरच्या बाजूला फडकायला हवा होता.

तो आत वळला.

बाण पाहिला, बरोबर होता. पातीही नीट फिरत होती. वरच्या जाळीवर दोरा धरला. तिथेही आत.

"वायर उलटी लागली असेल," दादा म्हणाला.

"पंख्याची वायर उलटी लागत नाही, दादा."

बघता बघता लक्षात आलं की दोरा सारखा ओढला जात नव्हता. वहिनी वाक्य संपवून थांबायची, तेवढ्यापुरताच तो ताठ व्हायचा. पुन्हा वाचायला लागली की सैल.

मी एकेक करून सगळे पंखे काढले. टेबलावर ओळीनं मांडून ठेवले. डब्यात आता हवा ओढणारं असं काही नव्हतं.

दोरा ताठ झाला.

पत्र्याला हात लावला. तापातल्या माणसाचं कपाळ लागतं तसा लागला. खिडकीचा पडदा गजांपासून सुटून आमच्याकडे झुकला.

दादा डब्याशेजारी जमिनीवर बसला. वरून हात फिरवत म्हणाला, "सोड गं. आता तरी सोड."

वहिनी त्या वाक्याशी आली.

थांबली.

दोरा पेन्सिलीवरून सुटला आणि जाळीतून आत गेला.

इथे मी जरा थांबलो. मास्तर टक्क जागे होते.

"मग?"

"मग काय! सोडला तिनं श्वास. चांगला लांबलचक. पडदा खिडकीबाहेर गेला, टेबलावरचे पंखे आपसूक फिरले. वाक्य पुरं झालं, प्रकरण पुरं झालं. दादा पोटभर रडला. पुढे तोही गेला, पण समाधानानं गेला, मास्तर. डबा मी इथे आणला. वायर काढलीय, पंखे ह्या खणात आहेत. तेव्हापासून गप्प आहे बिचारा."

मास्तर उठले. कोपऱ्यात जाऊन वाकले. गवसणी चिमटीत धरून ओढली. सुटेना. पत्र्याच्या कडा, जाळीची नक्षी, पंख्याच्या रिकाम्या भोकाची गोल कड, सगळं कापडावर उमटलं होतं.

मी खण उगीचच उघडला आणि बंद केला.

"खोटं बोलतोस," मागे न वळता मास्तर म्हणाले. "ही मी ढगळ शिवली होती."