सरांच्या पेन्सिलीची टकटक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. ज्यांच्या बाबतीत घडलं, त्या बुरशीताई आजही त्याच प्रयोगशाळेत बसतात.

वेळ भर दुपारची. रात्रबित्र काही नाही.

जंगलातल्या कुजक्या लाकडांवरच्या बुरश्या ओळखणं हे ताईंचं काम. वरून सगळ्या सारख्याच दिसतात, खरी जात कळते ती सूक्ष्मदर्शकाखाली. एक बुरशी नव्या जातीची आहे, असं ताई वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्यांचे सर मात्र मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, "जुनीच आहे. तंतूंच्या सांध्यांवर कड्या दिसतायत का? नाही ना? मग सोड."

सर गेले. नमुन्याच्या पाकिटावर त्यांनी दिलेलं नाव तसंच राहिलं.

पण सरांची चूक ताईंना सापडली होती. सर काप घ्यायचे बुरशीच्या जुन्या, कडक भागातून. तिथले नाजूक तंतू केव्हाच विरून गेलेले असतात. कड्या असतात कोवळ्या कडेला. आणि ती कड आता जेमतेम नखाएवढी उरली होती.

"आज कड्या दाखवा, नाहीतर सरांचं नाव कायम," विभागप्रमुख म्हणाले. "गेलेल्या माणसाशी कशाला भांडताय, ताई?"

"ते होते तेव्हाही मी भांडतच होते की!"

विभागप्रमुख हसत निघून गेले. ताईंनी कडेचा काप घेतला, थेंबात ठेवला, वर पातळ काच ठेवली. रंगाची बाटली घ्यायला त्या वळल्या...

टक... टक... टक.

पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काचेवर ठोकल्याचा आवाज. काप पसरावा म्हणून ठोकतात तसा. सरांचा हात त्यात फार जड होता.

ताई गर्रकन वळल्या.

काच तडकलेली. कापाचा पार भुगा.

आपलाच धक्का लागला असेल, म्हणून दुसरा काप घेतला. या वेळी नजर हटवली नाही.

टक... टक...

डोळ्यांदेखत काचेला तडा गेला. सरांची पेन्सिल तर बंद खणात होती.

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, बास झालं! आयुष्यभर तुमचं ऐकून घेतलं. आता मेल्यावरही माझ्या कामाचा विचका करणार?"



एकाच कापापुरती कड उरली होती. ताईंनी तो घेतला आणि सरळ सरांच्या टेबलाशी गेल्या. त्यांच्या सूक्ष्मदर्शकावरचं धुळकट कापड ओढून फेकलं. काच खाली सरकवली, दिवा लावला. स्वतः पाहिलंच नाही.

"फोडायची तर फोडा. पण आधी डोळा लावा!"

हाताची घडी घालून त्या मागे उभ्या राहिल्या.

कर्र... सरांचं स्टूल वाजलं.

काच मात्र तडकली नाही. कितीतरी वेळ.

शेवटी ताई पुढे झाल्या. बघायच्या भिंगावर वाफ धरली होती... कुणाचा तरी श्वास लागावा तशी. त्यांनी ती पुसली आणि डोळा लावला.

बरोबर मधोमध, सांध्यावर, एक स्वच्छ कडी. ताईंनी तर नीट दिसावं म्हणून फिरवायच्या बटणाला हातही लावला नव्हता.

विभागप्रमुखांनी पाहिलं, मान डोलावली. पाकिटावर नवं नाव चढलं. "ते यंत्र आता काढून टाका," घडलेलं ऐकून सगळे म्हणाले.

"का म्हणून? आत्ता कुठे त्यांना दिसायला लागलंय."

गेल्या आठवड्यात ताईंनी घाईघाईत एका बुरशीच्या कडक भागालाच पातं लावलं. सरांच्या टेबलावरून आवाज आला.

टक... टक... टक.

"माहितीय मला! कडेचा घ्यायचा!" ताई खेकसल्या.

खेकसल्या खऱ्या, पण हातातलं पातं केव्हाच कडेकडे वळलं होतं.