फाळक्यावरची थाप

ज्याला हे खोटं वाटेल त्याने वाचू नये. मी कोणाच्या पाया पडायला बसलेलो नाही. हे माझ्या मामाच्या आणि माझ्या बापाच्या बाबतीत घडलं. दोघेही जिवंत आहेत, नाशकात आहेत, आणि दोघेही दारूला शिवत नाहीत.

साल अठ्ठ्याहत्तर. श्रावण. कसारा घाट.

रात्र नव्हती. भर दुपार होती... पण श्रावणात त्या घाटात दुपार आहे हे नुसतं ऐकून घ्यायचं. धुकं असं उतरतं की समोरच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही.

मामा, म्हणजे जयराम, ट्रक घेऊन घाट चढत होता. मुंबईहून लोखंडी सळया भरलेल्या, माल सातपूरला टाकायचा. हा ट्रक त्याच्या हाताला नवा होता. हँडब्रेक नावालाच. दांडी ओढली की नुसती वर यायची. मामाने शेठला तसं सांगितलं, तर शेठ पान चघळत म्हणाला, मग क्लीनर कशाला दिलाय?

म्हणजे ब्रेकचं काम माणसाने करायचं.

चढावर भरलेली गाडी थांबली की क्लीनरने खाली उडी टाकायची आणि मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. लावला की मागच्या फळीवर, फाळक्यावर, एक थाप. म्हणजे ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय काढायचा. निघताना दोन थापा. म्हणजे चल. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. तो त्या एका हाताच्या भरवशावर बसलेला असतो.

आणि त्या खेपेला क्लीनर होता माझा बाप, नाथा.

सिन्नरला विडी कारखान्यातलं काम सुटलं, म्हणून मामाने त्याला गाडीवर घेतलं. पहिलीच खेप. पण नातं काय? मामाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी. क्लीनरला आईबहिणीवरून शिव्या घालून शिकवायची रीत. दाजीला कशा घालणार? दाजीला ‘तुम्ही’ म्हणायचं, चहा आधी द्यायचा. घाटात ठोकळा मांडीवर घेऊन बसा, हे मामाच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. थापांचं तेवढं सांगितलं, तेही गंमत केल्यासारखं. ठोकळा सीटखाली पडून राहिला.

निघताना माझी आई, रंगूबाई, मामाला म्हणाली होती, "जसा नेतोस तसा आण. मला अर्धा माणूस नको."

अर्धा घाट चढले आणि पुढच्या गाड्या थांबल्या. मामाने ब्रेक दाबून धरला. मागे एस.टी. होती, पार चिकटून, माणसांनी भरलेली. तिचा हॉर्न थांबत नव्हता. दाजींनी दार उघडलं, उडी मारली आणि धुक्यात दिसेनासे झाले.

मामाचा पाय भरून आला. मांडी थरथरायला लागली...

आणि थाप आली.

एकच. ओल्या तळव्याची.

मामाने पाय काढला. सळयांनी भरलेली गाडी तसूभरही मागे आली नाही. दाजी तयार झाले, असं म्हणून मामाने विडी पेटवली.

विडी अर्धी झाली असेल. धुक्यात काहीतरी हललं... गाडीच्या पुढच्या बाजूला.

दाजी होते.

खिडकीशी येऊन म्हणाले, "पुढं एक गाडी आडवी झाली व्हती. बघून आलो. निघतेय आता."

"ठोकळा बरा लावलात."

"कुठला ठोकळा?"

मामाने सीटखाली हात घातला. ठोकळा तिथेच होता. कोरडा.

विडी कुठे पडली ते कळलंच नाही. मामाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पुढची गाडी सुटली होती. पण ब्रेकवरचा पाय उचलून गाडी पुढे घेईपर्यंत ती मागे घसरणार, आणि मागे एस.टी. ठोकळा लावायला कोणीतरी मागे जायलाच हवं होतं.

आणि मागे... कोणीतरी आधीच होतं.

"दाजी, ठोकळा घ्या," मामा म्हणाला. "चाकामागं वाकू नका, बाजूनं सरकवा. अन् थाप मारू नका. तोंडानं बोला."

"बहिणीला लय भितोस तू," म्हणत दाजी हसले आणि मागे गेले.

एस.टी.चा हॉर्न बंद झाला.

काहीच ऐकू येईना. स्वतःचं इंजिनसुद्धा लांब कुठेतरी चालल्यासारखं वाटत होतं...

"जयराम." दाजींचा आवाज. खालून, चाकाजवळून. "हितं माणूस बसलाय. चाकाला पाठ लावून. उठत नाय."

मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागे नुसतं धुकं.

"मी म्हन्लं सरक बाबा, ठोकळा लावू दे. तर म्हनतो, गाडी पुढं जाऊ दे, मग उठतो."

"त्याला हात लावू नका. दाजी, लांब व्हा. आधी लांब व्हा."



मग दोन थापा. सावकाश.

चल.

कोणी मारल्या? दाजी चाकामागे असले तर? मामाने त्यांना तीनदा हाक मारली. मांडी आता पुरती सुटत चालली होती. पाय सटकला असता तर सगळंच मागे गेलं असतं. मामाने रंगूबाईचं नाव घेतलं आणि ब्रेक सोडला.

गाडी केसभरही मागे आली नाही. मागून रेटा दिल्यासारखी पुढे गेली.

चढावर परत थांबता येत नाही. मामा डाव्या दाराकडे बघत होता. पळत येऊन क्लीनर दाराला लटकतो. कोणी लटकलं नाही. घाटमाथ्यावरच्या घाटनदेवीपर्यंत ते दार रिकामं होतं.

वर सपाटीला गाडी उभी करून मामा रस्त्यात उभा राहिला. धुक्यातून एस.टी. आली. थांबली. दाजी उतरले. अख्खे. ठोकळा छातीशी लेकरासारखा धरलेला.

इगतपुरीला चहा समोर ठेवून माझा बाप बोलला. एस.टी.च्या ड्रायव्हरला धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं. बापाला दिसलं होतं. गाडी पुढे गेली तसा तो माणूस उठला. टायरला लागली होती त्याची पाठ. टायरची नक्षी मात्र छातीवर होती. पुढून. खोल.

नाशकात शेठच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मोतीराम मिस्त्रीने सांगितलं. त्या गाडीवर आधी पुंजा नावाचा क्लीनर होता. तोच घाट, तोच हँडब्रेक. ठोकळाही नव्हता तेव्हा. गाडी मागे यायला लागली तशी पुंजाने रस्त्यावरचा दगड उचलून चाकाखाली घातला. दगड लहान पडला. शेठने सांगितलं, गाडीखाली झोपला होता. त्याची बायको कुसाबाई दारात आली तर तिलाही हेच सांगितलं. पुंजा गेल्यावर शेठने गाडीला ठोकळा दिला. हँडब्रेक नाही दिला.

मामा म्हणाला, म्हणजे थाप पुंजाचीच.

तेव्हा माझ्या बापाने चेहरा वर केला.

"त्याचे दोन्ही हात मागं व्हते," तो म्हणाला. "टायर धरून बसला व्हता. थापा वाजल्या तवा मी त्याच्या हातांकडंच बघत व्हतो. अन् मी बी नाय मारल्या."

मोतीराम कितीतरी वेळ तेलाचे हात पुसत राहिला. मग म्हणाला, "त्या गाडीवर पुंजा पहिला नव्हता."

माझा बाप परत ट्रकवर चढला नाही. मामाने तो शेठ सोडला. पुढे ती गाडी मालेगावकडे कोणाला तरी विकली, म्हणतात. दहा वर्षं होत आली. रंग बदलला असेल. ढाब्यावर त्या बाजूचा ड्रायव्हर भेटला की मामा गाडीचा नंबर सांगतो आणि एकच गोष्ट विचारतो...

तिचा हँडब्रेक लागतो का?

अजून कोणी हो म्हणालेलं नाही.