सात नंबरचा बिल्ला

तंबू कुठे ठोकावा, या प्रश्नावर मानवजातीचे भवितव्य अवलंबून असते. गुहेतून बाहेर पडलेल्या पहिल्या माणसानेही वारा, पाणी आणि जनावरे यांचा सखोल विचार करूनच मुक्काम निवडला असणार. दुर्बिणीचे बाबा मात्र संडास किती पावलांवर आहे, एवढेच बघायचे.

या धोरणापायी घरच्यांनी मागच्या पाच सुट्ट्या अशा जागी काढल्या होत्या, जिथून संडास स्पष्ट दिसे आणि बाकी काही दिसत नसे. यंदा जागा निवडण्याचा मान बारा वर्षांच्या दुर्बिणीने भांडून मिळवला. बारीकसारीक गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत, म्हणून तिला दुर्बीण म्हणत. बाबांनी अट घातली होती, की यंदा फसले तर या विषयात पुन्हा कधी तोंड घालायचे नाही.

तिने तीन आठवडे नकाशे पालथे घातले. समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती मुक्कामाची तीन मैदाने होती. कड्यावरचे वाऱ्यामुळे बाद झाले. हमरस्त्यालगतचे ट्रकदुरुस्तीच्या कारखान्यामागे होते. तिसरे वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत, समुद्रालगत होते. तिथे वीस जागा होत्या आणि मुक्काम फुकट. ठरले!

पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता गाडी फाटकाशी पोचली. खिडकीतल्या रखवालदाराने मागच्या फळ्याकडे एक नजर टाकली आणि वीसच्या वीस जागा भरल्याचे सांगितले.

मुक्काम ट्रकांमागे पडला. तिथे नवे भोंगे वाजवून बघत होते. संडास चाळीस पावलांवर होता.  बाबा नुसते पावले मोजत दोनदा जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण पुन्हा त्या फाटकाकडे निघाली. बरोबर मामेभाऊ होता. तो तेरा वर्षांचा असून प्रत्येक गोष्टीवर वाद घालत असल्यामुळे वकील म्हणून ओळखला जाई. मागे तिचा सात वर्षांचा भाऊ होता, त्याला सगळे शेपूट म्हणत. कुंपणाच्या फटीतून तिघांनी आत डोकावले. गवत गुडघाभर वाढलेले. नळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे. कचऱ्याच्या पिंपात एका पक्षिणीने घरटे करून अंडी घातलेली.

"वीस कुटुंबं आणि बिस्किटाचा एक कागद नाही," वकील म्हणाला. "एक तर ही माणसं साधुसंत आहेत, नाहीतर इथे माणसंच नाहीत."

"संतही नळ उघडतात," दुर्बीण म्हणाली.

खिडकीत आता सकाळचा रखवालदार होता. त्याला विचारले, तर तो उसासा टाकून म्हणाला की सगळेच रिकामे आहे, अकरा दिवसांत चिटपाखरू फिरकलेले नाही. उद्या दुपारी एकला उद्यान कार्यालयातल्या साहेबबाई येऊन मैदानाला कायमचे कुलूप लावणार. माणसेच येत नाहीत, तर ठेवायचे कशाला?

तिघे धावत सुटले. पण बाबांना तंबूची घडी घालायला तीन तास लागतात. फाटकाशी पोचेपर्यंत दीड वाजला होता. खिडकीत पुन्हा दुपारचा रखवालदार होता आणि पुन्हा वीसच्या वीस जागा भरलेल्या होत्या. मुलांनी मध्ये तोंड घातल्यावर त्याने मोठ्यांना बोलू द्या म्हणून गप्प केले. मोठ्यांनी गाडी वळवली. ट्रकांकडे परतताना बाबांनी एवढेच जाहीर केले, की एका सुट्टीत दोनदा तंबू उभारणे हे आपल्याला या जन्मापुरते पुरे आहे.

दुर्बीण मागच्या सीटवर फळा आठवून बघत होती. सकाळी फळ्यावर वीस खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर नंबराचा एक लाकडी बिल्ला. दुपारी तोच फळा, तेच बिल्ले, त्याच जागी. फळा बदललाच नव्हता. बदलला होता तो माणूस.

"चल, सांगून टाकू," वकील म्हणाला.

"तो ऐकणार नाही. आपण सांगायचंच नाही. त्यालाच बोलायला लावायचं."

तिने आईला सगळे समजावले आणि बाबांना उद्या बरोबर एकला फाटकाशी आणायची गळ घातली. आई आत्तापर्यंत भोंग्यांमुळे कानात कापूस घालून बसली होती. तिने कापूस काढला, ऐकून घेतले आणि म्हणाली, "आणते. कसं ते विचारू नकोस."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी सकाळच्या रखवालदाराकडून सात नंबरची जागा मागून घेतली. बारा दिवसांतले पहिले पाहुणे बघून त्याचा चेहरा उजळला. त्याने खिळ्यावरून सातचा बिल्ला काढून दुर्बिणीच्या हातात ठेवला.

एक वाजता दुपारचा रखवालदार खुर्चीत बसला. सकाळचा सायकलचे कुलूप काढू लागला. साहेबबाई कुलूप घेऊन आल्या आणि पाठोपाठ बाबांची गाडी आली. बाबांचा चेहरा दात काढायला निघालेल्या माणसासारखा होता.

रखवालदाराने फळ्याकडे पाहिले. "नशीबवान आहात साहेब. आज एकच जागा रिकामी झाली आहे. सात नंबर."

साहेबबाई थबकल्या. "एकच? मला तर सगळं रिकामं म्हणून कळवलंय."

दुर्बिणीने खिशातून बिल्ला काढून खिडकीत ठेवला. "सात नंबर आमच्याकडे आहे. रिकाम्या आहेत त्या बाकीच्या एकोणीस."

साहेबबाईंनी सायकलवाल्याला परत बोलावले. तेव्हा उलगडा झाला. इथली रीत अशी, की पाहुणा बिल्ला तंबूला बांधतो आणि जाताना परत करतो. खिळ्यावर बिल्ला, म्हणजे जागा मोकळी. दुपारचा रखवालदार बारा दिवसांपूर्वी दुसऱ्या उद्यानातून बदलून आला होता. तिथे खिळ्यावर बिल्ला, म्हणजे जागा भरली. पाहुणे येतात दुपारी, म्हणून सगळे परत गेले. सकाळच्याला रोज फक्त रिकामे मैदान दिसले.

"एकमेकांना विचारलं का नाही?" साहेबबाईंनी विचारले.

 दोघे साडू होते आणि एका उसन्या शिडीवरून वर्षभर अबोला होता.

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं," सकाळचा म्हणाला.

"तू सांगितलं असतंस तर विचारावं लागलं नसतं," दुपारचा म्हणाला.

अबोला सुटला. साहेबबाईंनी कुलूप पर्समध्ये टाकले, फळ्यावर रीत ठळक अक्षरांत लिहायला लावली आणि तिन्ही मुलांशी हात मिळवला. त्या म्हणाल्या, की कार्यालयातल्या एवढ्या माणसांना जे दिसले नाही ते या पोरीने दोन दिवसांत पाहिले. शेपटाने दोनदा हात मिळवून घेतला.

संध्याकाळी सात नंबरवर तंबू उभा राहिला. समोर समुद्र होता, ट्रक कुठेही नव्हता. बाबांनी बराच वेळ लाटांकडे पाहिले आणि पुढच्या वर्षीची जागाही दुर्बीणच निवडेल, असे सर्वांसमक्ष जाहीर केले. मग उठून त्यांनी पावले मोजायला सुरुवात केली.

संडास सव्वा किलोमीटरवर होता.