मागच्या रांगेतली परीक्षार्थी

डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रात्यक्षिकात मी तीनदा नापास झाले होते. बाकी सगळे विषय सुटले, हैदराबादच्या एका कंपनीत निवडही झाली; पण जुलैत रुजू व्हायचं तर हा एक विषय सुटायलाच हवा होता. म्हणून मे महिन्यातल्या पुरवणी परीक्षेसाठी मी वरंगलहून बस धरून कॉलेजवर गेले. या विषयाला मी एकटीच होते.

लॅबचे शिपाई सम्मय्या गेटवरच भेटले.

"परत आलीस का, हारिका? आता तुझ्या नावाची खुर्चीच करून ठेवतो."

"या वेळी सुटणार, सम्मय्या मामा."

"सूट बाई, सूट. हे बघ, खम्ममचे परीक्षक सर यायचेत. त्यांची बस बंद पडलीय, मी त्यांना आणायला फाट्यावर जातो. प्रश्न फळ्यावर लिहिलाय. तू सुरुवात कर."

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मात्र एसी घुमत होता आणि खिडक्यांना काळे जाड पडदे लावलेले होते. उन्हातून आत आलं की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नसे. मी चाचपडत पहिल्या रांगेत बसले आणि संगणक सुरू केला.

प्रश्न लिंक्ड लिस्टचा होता. नावांची साखळी करायची, प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता ठेवायचा. या वेळी हात चालत होता. वीस मिनिटं तरी मी मान वर केली नसेल. मग लक्षात आलं, की माझ्या कीबोर्डच्या कळांच्या आवाजात दुसऱ्या कळांचा आवाज मिसळतोय. मी थांबले की तोही थांबायचा... जरा उशिरा.

"अक्का..."

मागच्या रांगेत, कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. संगणकाच्या पडद्याचा उजेड हनुवटीवर पडला होता, वरचा चेहरा अंधारात. तापात माणसाच्या अंगाला येतो तसा आंबूस वास येत होता.

"तुझीही पुरवणी आहे?" मी विचारलं. "मला वाटलं, मी एकटीच."

"माझं चालत नाहीये गं, अक्का. जरा बघतेस?"

"सर येतील आता. दोघींनाही काढतील बाहेर."

"ते येत नाहीत," ती म्हणाली. "मी कधीची बसलेय."

मी पुन्हा माझ्या पडद्याकडे वळले. खरं सांगते, दया वगैरे काही आली नाही. पण मागून तीच कळ पुन्हा पुन्हा दाबल्याचा आवाज येत राहिला. टक्... टक्... टक्. शेवटी चिडूनच उठले.

तिचा प्रोग्रॅम नीटनेटका होता, माझ्यापेक्षा चांगला. चूक एकाच ओळीत होती. शेवटची कडी केली होती, पण आधीच्या कडीत तिचा पत्ताच लिहिला नव्हता.

"हे बघ, ही सुटीच राहिलीय. जोडून टाक."

"तूच जोड ना, अक्का... मला जमत नाही."

मी वाकून ती ओळ लिहिली. बोटांखालच्या कळा गरम लागल्या. तिने प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर नावं झरझर उतरली. तिने हळूच श्वास सोडला. तो माझ्या मानेला लागला.

"सुटले," ती म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली तशी मी धावत माझ्या जागेवर येऊन बसले. सम्मय्या आणि घामाघूम झालेले परीक्षक आत आले. सरांनी माझा प्रोग्रॅम पाहिला, चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं आली. ते सही करायला लागले तेव्हा मी म्हटलं, "सर, तिचंही झालंय. मागे..."

सरांनी मागे पाहिलं. मीही पाहिलं. कोपऱ्यातल्या संगणकावर प्लॅस्टिकचं झाकण होतं, झाकणावर बोटभर धूळ. वायर गुंडाळून टेबलावर ठेवलेली.

सर हसले. "उन्हात आलीस ना? ताक पी जरा."

ते गेल्यावर सम्मय्यांनी एकेक दिवा बंद केला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "तिने हाक मारली?"

"कोण आहे ती?"

"स्वरूपा. अकरा वर्षं झाली. तीनदा नापास झाली होती, चौथ्या वेळी अंगात ताप घेऊन आली. परीक्षकांना यायला संध्याकाळ झाली... आम्ही दार उघडलं तेव्हा कीबोर्डवर डोकं ठेवून होती. आधीच गेली होती." त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या. "एरवी पुरवणीला मी इथून हलत नाही. आजच जावं लागलं. पूर्वी एकट्या सापडलेल्या पोरी घाबरून पळाल्या, तू पळाली नाहीस?"

"मी तिचा प्रोग्रॅम दुरुस्त करून दिला."

"चालला?"

"हो."

त्यांच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"मग आता ती इथं कशाला राहील, बिड्डा, पोरी..."

मी पास झाले. जुलैत रुजू झाले. पहिल्या दिवशी जागा दाखवणारा मुलगा म्हणाला, "ही तुमची जागा; शेजारची एका मॅडमना दिलीय. तुमच्याच कॉलेजच्या आहेत, सकाळी लवकर येऊन मागून घेतली."

दिवसभर तिथं कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने मी जागा बदलून घेतली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मजला बदलला, कंपनी बदलली, जागा तर सहा वेळा बदलली. प्रत्येक ठिकाणी शेजारची जागा आधीच कुणीतरी मागून घेतलेली असते.

परवा नव्या ऑफिसात जागा दाखवणाऱ्या मुलाला मी विचारलं, शेजारची ती कशी दिसते. मुलगा गोंधळला.

"असं काय विचारता, मॅडम? आत्ता तुमच्याबरोबरच तर आत आल्या."