एका नंबरावर दोघी

ही गोष्ट खरी आहे. ॲसिडच्या कॅनवर हात ठेवून सांगतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे चष्मा त्या दिवशी कराडलाच विसरलो होतो, तेव्हा पाहिलं म्हणणं जरा जास्त होईल. पण ऐकलं नक्की. त्यातही थोडं पदरचं घालणार आहे. कुठलं, ते शेवटी सांगेन. दिवा जरा अलीकडं घ्या.

साल नव्व्याण्णव. कराडात माझं बॅटऱ्यांचं दुकान. मिरजेच्या भाऊसोनं यूपीएससाठी नवी बॅटरी मागवली होती, ती घेऊन मी दुपारच्या एसटीनं निघालो. पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती.

भाऊसो मूळचा आटपाडीकडचा. बाप मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचा. पोरगा फौजेत सिग्नलला गेला, पेन्शन घेऊन आला आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला. पोरांना नेटवर्क शिकवायचं तर चार कॉम्प्युटर हवेत. ऐपत एकाची. म्हणून शिरवळच्या कुठल्याशा कारखान्यानं भंगारात काढलेला सर्व्हर त्यानं उचलून आणला. ट्रंकेएवढा, काळा, जात्यासारखा घरघरणारा. हादरे बसू नयेत म्हणून खाली बापाचं घोंगडं.

मी बॅटरी जोडायला बसलो. भाऊसो सर्व्हरवर थाप मारून म्हणाला, "डबा येकच हाय गड्या, पर याच्या पोटात लय मशिनी मावत्यात. खऱ्या न्हाईत, पर खऱ्यावानी वागत्यात. अमेरिकेचं नवीन सॉफ्टवेअर हाय. परत्येकीला येक नाव, येक नंबर. नंबरावर हाळी दिली की आतनं ओ येती. पिंग म्हणत्यात."

"आणि ओ आली नाही तर?"

"तर ती मेली म्हणायचं."

टेबलावरच्या लहान कॉम्प्युटरवर त्यानं नंबर मारला. टुक् असा आवाज झाला, पडद्यावर उत्तराची ओळ उमटली. आणि त्याच क्षणी आतून, स्वयंपाकघरातून, बाईमाणसाच्या आवाजात आलं, "ओ…"

माझ्या हातातला पाना पडला.

"सोनिया हाय रं," भाऊसो हसत म्हणाला. "सकाळधरनं चाललंय तिचं. पिंग वाजली की चुलीपुढनं ओ देती."

सोनिया ही त्याची दुसरी बायको, वर्षापूर्वी केलेली. पहिली रंगुबाई तापानं गेली. सोनिया पदराला हात पुसत दारात आली. "भावजी, आज नुसती बॅटरीच आणलीय, का एखादी थापपण?"

तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक होता. त्यांच्याकडं पहिली वारलेली असली की दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात. पत्र्यावर ठोकून उठवलेली एक बाई. घरात नवं काही आलं की आधी टाकाला टेकवायचं, मग वापरायचं. नवी साडी आधी तिला, मग हिला. भाऊसोची आई तानुबाई मधल्या दारात बसलेली असायची. तिच्या नजरेतून यातलं काही सुटायचं नाही.

त्यामुळं डब्यातली पहिली मशीन तयार झाली तेव्हा तानुबाईनं सांगितलं, पैलं नाव तिचं. भाऊसोनं नाव दिलं, रंगू. मग दुसरी मुळापासून बनवत बसण्यापेक्षा त्यानं रंगूचीच नक्कल काढली. सगळे तसंच करतात. नकलेला नाव दिलं, सोनी. नाव बदललं, पण नंबर बदलायचा राहिला.

"तरीच," पडद्याकडं बघत तो पुटपुटला. "येका नंबरावर दोघी बसल्यात. हाळी येकीला देतोय, ओ दुसरीच देती."

सोनियाचं हसू गेलं.

"मग तिला पुसून टाका," ती म्हणाली.

"आता नंबर बदलतो की."

"नको. पुसाच." ती हळू बोलत होती, सासूकडं न बघता. "या घरात माझं म्हणून पहिलं काही नाही. साडी तिची होऊन माझ्या अंगावर येते. घास तिचा होऊन माझ्या तोंडात. आताशा तुम्ही हाक मारली की मला थांबून विचार करावा लागतो, ओ मी द्यायची की… हा एक डबा तरी माझा असू द्या."

तानुबाई जागची हलली नाही. "पुसाया ती काय पाटीवरचं अक्षर हाय व्हय?"

"आये, मशीन हाय ती."

"मग हिची पूस की."

भाऊसोनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. सोनिया आत निघून गेली. मग तो माझ्याकडं वळून, जणू मीच विचारलं होतं अशा सुरात म्हणाला, "तसंबी डिस्क भरत आलीय. दोघी मावत न्हाईत."

त्यानं बाण रंगूवर नेला. मी वाकून बघत होतो. चष्म्याशिवायही ती दोन अक्षरं मला वाचता आली, यात थाप नाही. त्यानं बटण दाबलं.

आणि वीज गेली.

नुकत्याच जोडलेल्या माझ्या बॅटरीनं भार घेतला. यूपीएस थांबून थांबून शिटी घालू लागला. पडद्याचा निळा उजेड सोडला तर सगळीकडं अंधार. आधी ॲसिडचा वास आला, तो माझ्या ओळखीचा. मग ओल्या लोकरीचा. घोंगडं हातानं चाचपलं, तर कोरडं ठणठणीत.

भाऊसोनं नंबरावर हाळी दिली.

पडद्यावर बराच वेळ काही नाही. मग ओळ आली, उत्तर नाही.

आतूनही ओ नाही.

त्यानं पुन्हा दिली. उत्तर नाही.

"सोनिया…" तो आता तोंडानं म्हणाला. "सोनिया, कंदील आण गं…"

चुलीत लाकूड तडकलं. आत कुणीतरी होतं, हे नक्की. बांगड्या हलल्या होत्या. पण ओ नाही.

"सोने…"

मधल्या दारातल्या अंधारातून तानुबाईचा आवाज आला, अगदी समजुतीचा. "त्या नावानं नगं, लेकरा… दुसऱ्या नावानं मार."

भाऊसो चुलीच्या उजेडाकडं वळून म्हणाला, "रंगे…"

कीबोर्डवर हात नव्हता कुणाचा. तरी टुक् वाजलं, पडद्यावर उत्तराची ओळ उमटली.

"ओ…" आतून आलं. "आलो, आलो." आटपाडीकडच्या बायका म्हणतात तसं.

ती चहा घेऊन बाहेर आली. कपावर बशी पालथी झाकलेली. चेहरा सोनियाचाच. माझ्यापुढं कप ठेवत म्हणाली, "गुळाचाच केलाय, भावजी. साखर तुमाला सोसत न्हाई न्हवं?"

सोनियानं मला वर्षभर साखरेचा चहा पाजला होता, आणि मी भिडेपोटी प्यालो होतो. गुळाचं जिला ठाऊक होतं ती गेलेली होती.

पडद्यावर एकच मशीन उरली होती. नाव, रंगू.

त्यानंतर भाऊसोनं सोनी पुन्हा बनवली. तोच नंबर, तेच नाव. उत्तर नाही. पुसली, परत बनवली. क्लासची पोरं दुसरीकडं गेली. मिरजेला गेलो की तो पडद्यापुढं दिसायचा, हाळी देत. त्याच्या बापाचं हरवलेलं कोकरू कधी कधी सकाळी परत यायचं म्हणे. इथं तसलं काही होणार नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

शेवटची बॅटरी पोचवायला गेलो तेव्हा ती बाहेर आली. बॅटरीला हळदकुंकू लावलं. मग गळ्यातला टाक उचलून तिच्यावर टेकवला.

"आदी तिला दावतो," ती म्हणाली. "लय हौस व्हती तिला… कायतरी पैलं मिळावं म्हणून."

तर आता पदरचं कुठलं, ते सांगतो. सोनियाचं बोलणं. ती थट्टा, ते ओ देणं, डबा माझा असू द्या म्हणणं, सगळं मी रचलं. ती काहीतरी बोलली होती, कारण तिच्या बोलण्यावरनंच भाऊसोनं बटण दाबलं. पण काय बोलली, आवाज कसा होता, मला आठवेना. शेजारच्या बायकांना विचारलं. त्यांनाही नाही. शेवटी भाऊसोला विचारलं.

तो कीबोर्डवर नंबर मारत होता.

"आवाज न्हाई गड्या," म्हणाला. "नंबर तेवढा ध्यानात हाय."