वाढत्या मापाचा फ्रॉक

आठ दिवसांच्या धाकटीला मांडीवर घेऊन सासूबाई थोरलीचं जुनं झबलं तिच्या अंगात घालू लागल्या, आणि ते काखेतच अडकलं.

"थोरलीला हेच तीन महिने ढगळ होत होतं," त्या म्हणाल्या. "या खेपेला बाईसाहेब पोटभर जेवलेल्या दिसतात. तेव्हा नोकरीच्या नादात पोटातल्या जिवाची उपासमार केली."

सून खाली मान घालून दुपट्यांच्या घड्या घालत राहिली.

चार वर्षं ती हे ऐकत होती. सासूबाईंचा हात शिवणकामात बसलेला; साऱ्या गल्लीला त्या अंगाबरोबर कपडे शिवून द्यायच्या, पण थोरलीचा प्रत्येक फ्रॉक मात्र चार बोटं मोठा बेतायच्या. "अंगानं भरेल तेव्हा बसेल," म्हणायच्या. तो पोरीच्या खांद्यावरून सारखा घसरायचा आणि आई दिवसातून वीसदा तो वर ओढायची. त्या फ्रॉकमध्ये तिच्यावरचा ठपका शिवलेला होता, आणि तो रोज तिलाच धुऊन वाळत घालावा लागे...

खरं काय ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. दोन्ही मुली उपचारांनी झालेल्या; दोघींचे भ्रूण एकाच दिवशी तयार झालेले. एक ताजाच तिच्या गर्भाशयात ठेवला, ती थोरली. दुसरा चार वर्षं गोठवून ठेवला, ती धाकटी. उणीव नवऱ्यात होती. "आईला कळलं तर मी तिच्या नजरेतून उतरेन," म्हणत तो तेव्हा लहान मुलासारखा रडला होता, आणि व्याकुळ होऊन तिने शब्द दिला होता. तो पाळता पाळता भरल्या घरात ती किती एकाकी झाली, हे त्याने कधी विचारलं नाही.

"आजी," दारात उभ्या थोरलीने फ्रॉक सावरत विचारलं, "मी पोटात उपाशी होते?"

कामावर निघालेला तिचा बाप बुटाची नाडी हातात धरून तसाच थांबला.

"नाही गं," तो म्हणाला. "आई, हिला बोल लावू नकोस. दोष माझ्यात होता..." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. "डॉक्टर म्हणाले, ताजा ठेवलेल्या गर्भाचं मूल कधी कधी जन्मताना जरा हलकं असतं, गोठवलेल्याचं जरा वजनदार. पुढे बहुतेक सारखीच वाढतात. हिच्या जेवणाचा त्यात काही संबंध नव्हता."

सासूबाईंनी काखेत अडकलेलं झबलं हळूच काढून ठेवलं.

"मला का नाही सांगितलंस?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

"यांना शब्द दिला होता."

"आणि मी चार वर्षं तुला..." धाकटीला त्यांनी सुनेच्या ओटीत दिलं, गळ्यातली टेप काढली आणि थोरलीला जवळ ओढलं. खांदा, छाती, उंची, सगळं दोनदा मोजलं. कापडावर खडूने आखताना डोळ्यांतलं पाणी रेघेवर पडलं, तेव्हा ती रेघ पुसून पुन्हा आखली.

दुपारी थोरली नवा फ्रॉक घालून आईसमोर आली. सवयीने आईचा हात तिच्या खांद्याकडे गेला... पण तिथे वर ओढायला काही नव्हतं. हात तसाच खांद्यावर राहिला, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच आई सगळ्यांसमोर रडली.