खळ्यातल्या मधमाश्या

"पुढे येऊ नका! माश्या आहेत!"

मी ओरडले खरी, पण तोवर तो आमच्या मासळी सुकवायच्या खळ्याच्या मधोमध पोचलासुद्धा होता. बाहेर नरपडच्या रस्त्यावर त्याचा टेम्पो एका अंगाला कलून उभा होता. मागे चिकूचे रिकामे खोके आणि पेंढ्याचे भारे.

"जॅकखाली ठेवायला फळी हवी होती," तो म्हणाला. "वाळूत जॅक रुततोय... कुठल्या माश्या?"

तेवढ्यात त्याला दिसल्या. घोट्याएवढ्या उंचीवर गुणगुणत फिरणाऱ्या, जमिनीतल्या भोकांत शिरणाऱ्या. कुणीही शहाणा माणूस पळाला असता. हा खाली बसून बघायला लागला.

"कुणाला चावल्या?"

"अजून तरी नाही."

"मग ओरडलात कशाला? माझी काळजी वाटली?"

"तुमची कशाला वाटेल? तुम्ही पळत सुटला असतात, तर माझा वाळत घातलेला जवळा तुडवला असतात."

तो हसला. हसताना त्याचे डोळे मिटले. मला वाटलं, लाजतोय. पण ते मिटलेच... उघडायला जरा वेळ लागला. मग कळलं, माणूस उकिडवा बसल्याबसल्या झोपत होता.

त्याचं नाव नविन. राहायला तलासरीकडच्या पाड्यावर, आणि घोलवडच्या एका वाडीचे चिकू टेम्पोने डहाणूला पोचवायचा. तो २०१९चा जानेवारी होता. तिकडे धरणीकंपाचे धक्के सारखे बसत होते आणि अख्खा पाडा थंडीत बाहेर झोपत होता.

"झोपतोय कसला," फळी घेत तो म्हणाला. "जरा डोळा लागला की जमीन हलवून उठवते. तुमच्या जमिनीत नुसत्या माश्या आहेत, नशीबवान आहात."

नशीबवान! मला हसावं की रडावं कळेना. दिवाळीआधी आई बंदरावर घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून ती ओटीवरच्या खाटेवर. पहाटे मासळी आणणं, डहाणूच्या बाजारात विकणं, उरलेली सुकवणं, आईचं सगळं करणं... मी एकटी. दरवर्षी दसऱ्यानंतर खळ्यात नवी वाळू पसरून त्यावर शेणाचं जाड सारवण घालतात. या वर्षी मी वाळू पसरली आणि सारवण उद्यावर टाकलं. तो उद्या काही उगवला नाही. त्या मोकळ्या, कोरड्या, उन्हाने तापलेल्या जमिनीवर या माश्या आल्या आणि घर बांधून बसल्या. आता अर्ध्या खळ्यात जवळा पसरता येत नव्हता. दुष्काळात तेरावा महिना!

"रॉकेल ओत आणि काडी लाव," पुतळीमावशी रोज सांगायची. पुतळीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, गल्लीपलीकडे राहणारी. पण रॉकेलच्या वासाचा जवळा कोण घेईल? शिवाय आई ऐकायची नाही. खाटेवर पडल्यापडल्या तिला दुसरं बघायला होतं काय? ती दिवसभर माश्याच बघायची.

"सगळ्या बाया आहेत गो," ती म्हणायची. "जिचं तिचं बीळ वेगळं. एकटीच खणते, एकटीच भरते. कुणाचं काय घेत नाय. जाळू नको देवकी त्यांना."

दुसऱ्या दिवशी फळी परत द्यायला नविन आला. सोबत झारी.

"आमच्या शेजारच्या नर्सरीत विचारलं," तो म्हणाला. "या मध साठवत नाहीत, उगाच चावत नाहीत. त्यांना कोरडी जमीन लागते. ओली ठेवली की नवीन बिळं करत नाहीत."

"हे सांगायला घोलवडहून आलात?"

"फळी द्यायला आलो. फळी महत्त्वाची."

आम्ही संध्याकाळी भोकं टाळून पाणी शिंपडलं. सकाळी नऊ वाजेपर्यंत वाळू पुन्हा ठणठणीत कोरडी. वर माझे पाणी भरून खांदे गेले. चार दिवसांनी तो आला तेव्हा मी त्याच्यासमोर झारी आपटली.

"वाळूत पाणी टिकत नाही, हे तुमच्या नर्सरीला कुणी सांगायचं?"

तो झारीकडे बघत राहिला, मग माझ्या हातांकडे. "दमलात ना?" त्याने विचारलं.

इतकंच. पण तीन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, आई कशी आहे, सुकट कधी मिळेल, लग्नाचं काय. मी उगाच जवळा चाळायला लागले.

पेंढ्याची कल्पना मग मलाच सुचली, त्याच्या टेम्पोकडे बघून. चिकूच्या खोक्यांत घालतात तोच पेंढा. जिथे अजून बिळं नव्हती तिथे तो जाड अंथरायचा आणि भिजवायचा, म्हणजे ओल टिकेल. बिळं होती तिथे हात लावायचा नाही, त्यांचं आटपेपर्यंत थांबायचं. आणि मागच्या कुंपणालगत एक पट्टा कोरडाच ठेवायचा... कुठेतरी जातील की बिचाऱ्या.

"डोकं आहे तुम्हाला," नविन म्हणाला.

"झोप नाही, तरी डोकं आहे. झोप असती तर काय केलं असतं बघा."

"मला टेम्पोसकट हाकललं असतं."

तो डहाणूहून परतताना थांबू लागला. आम्ही दोघं न बोलता पेंढा पसरायचो, कारण बोलायचं त्राण दोघांतही नसायचं. तरी त्या न बोलण्यात बरं वाटायचं. कधी तो चिकू ठेवून जायचा, कधी मी त्याला सुके बोंबील बांधून द्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. हळूहळू नव्या माश्या कुंपणाकडे खणायला लागल्या. खाटेवरून आई बातम्या द्यायची, "आज अजून एक तिकडे गेली गो!"

आणि मग पुतळीमावशीने वाढवणचं स्थळ आणलं. स्वतःची होडी, पक्कं घर, मुलगा निर्व्यसनी. "तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघते," ती म्हणाली.

खरं सांगते, मी हो म्हणायच्या बेतात होते. मुलगा आवडला म्हणून नाही, त्याला मी पाहिलंही नव्हतं. पण नाही म्हणायलाही ताकद लागते. नाही म्हटलं की का, मग कोण, मग आईचं काय... एवढी उत्तरं द्यायची कुणी? हो म्हटलं की मावशी गप्प बसेल आणि मला झोपता येईल. माणूस दमला की अख्खं आयुष्यसुद्धा असं देऊन टाकतो.

पाहुणे रविवारी दुपारी यायचे होते. सकाळीच मावशी हजर, हातात रॉकेलचा डबा.

"पाहुणे बसतील कुठे? या माश्यांत? हो बाजूला."

मी हातातली टोपली खाली ठेवली आणि बिळांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"नाही."

"काय नाही?"

"रॉकेल नाही. थोड्या दिवसांत त्या आपणच जातील."

"मग पाहुण्यांना सांगू काय?"

"येऊ नका म्हणून सांग."

मीच दचकले. पहिला नकार जरा जड गेला, पण दुसरा त्याच्या मागोमाग आपसूक आला. मावशीचा डबा हातातच राहिला.

"त्या टेम्पोवाल्यासाठी? डोंगराकडच्या? ना आपल्या जातीचा, ना समुद्राचा!"

"हो," मी म्हटलं. "त्याच्यासाठीच."

बोलून गेले. ज्याला सांगायचं त्याला अजून एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि मावशीला सांगून मोकळी! खाटेवरून आईचा आवाज आला, "पुतळे, डबा घरी ने बाय. चुलीला होईल." मावशी तणतणत गेली. ती महिनाभर बोलली नाही, आणि त्याने खूप आराम पडला.

दुपारी नविन आला. मी त्याला काही बोलूच दिलं नाही. टेम्पोचा मागचा फाळका पाडून पेंढ्यावर बसले आणि एका दमात सांगितलं.

"वाढवणच्या स्थळाला मी नाही म्हटलं. मावशीसमोर तुझं नाव घेतलं. तुला न विचारता. तू मला आवडतोस नविन... सगळ्यांसमोर मला धडधाकट असावं लागतं. तुझ्यासमोर मला दमता येतं. आता तुझं काय ते सांग. खरं खरं सांग, मी ऐकतेय."

तो टेम्पोला टेकून उभा राहिला. कुंपणाकडे बघत, शब्द जुळवत. वारा मंद होता, पेंढा ऊबदार होता... आणि सगळं सांगून झाल्यामुळे माझं अंग इतकं हलकं झालं होतं...

जाग आली तेव्हा ऊन कलून गेलं होतं. माझ्या अंगावर त्याचा शर्ट होता. तो खाली चाकाला टेकून नुसत्या बनियनमध्ये बसला होता, आणि माझा जवळा गोळा करून टोपल्यात भरलेला होता. वाळूसकट, अर्थात.

"बरी झोपलीस!" ओटीवरून आई म्हणाली. "पोर तिकडे तोंड करून किती वेळ बोलत होता. शेवटाला वळून बघतो, तर तू ढाराढूर. मी सगळं ऐकलं. चांगलं बोलला हो, मला तर पाणी आलं डोळ्यांत."

मी शरमेने लाल झाले. नविनचे कानही लाल झाले होते.

"सॉरी," मी पुटपुटले. "काय... काय म्हणालास तू?"

"सगळं परत सांगू?" त्याने जांभई दाबत विचारलं.

"थोडक्यात सांग."

"हो," तो म्हणाला.